गावाला भिंती होत्या का? : तीन संहिता आणि वास्तव्याचा प्रश्न

१

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद १९८३ साली अंबाजोगाई येथे व्यंकटेश माडगूळकरांकडे आले आणि १९८४ साली जळगाव येथे शंकरराव खरातांकडे. लागोपाठच्या दोन वर्षी हा मान एकाच तालुक्यातील दोन लेखकांना मिळाला, या योगायोगाकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. माडगूळ आणि आटपाडी ही दोन्ही गावे औंध संस्थानातली. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० पासून तो सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. खरातांचा जन्म १९२१ चा, माडगूळकरांचा १९२७ चा. म्हणजे एकच पिढी, एकच माणगंगेचे खोरे, एकच पर्जन्यछायेचा प्रदेश, एकच दुष्काळ आणि एकच राजसत्ता. असे असूनही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे दोघे शेजारी बसत नाहीत. माडगूळकर 'नवकथा' आणि 'प्रादेशिक कादंबरी' या प्रकरणांत येतात, खरात 'दलित साहित्य' या प्रकरणात. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वाळवा तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे तर तिसऱ्याच ठिकाणी, शाहिरी आणि लोकनाट्य यांच्या सान्निध्यात, सापडतात.

ही विभागणी सोयीची असली तरी निष्पाप नाही. 'प्रादेशिक' हे विशेषण ज्या संहितेला लावले जाते तिला प्रदेश बहाल केला जातो, तर 'दलित' हे विशेषण ज्या संहितेला लावले जाते तिच्याकडून प्रदेश काढून घेऊन तिला केवळ वेदना आणि विद्रोह दिला जातो. परिणामी माणदेश म्हणजे काय, हे 'बनगरवाडी'ने सांगायचे आणि माणदेशात अन्याय कसा होता, हे 'तराळ-अंतराळ'ने सांगायचे, अशी कामाची वाटणी होऊन बसते. 'बनगरवाडी' (१९५५), 'फकिरा' (१९५९) आणि 'तराळ-अंतराळ' (१९८१) या तीन संहिता एकाच नकाशावर ठेवून वाचल्या तर ही वाटणी टिकते का, आणि माणूस व त्याची राहण्याची जागा यांच्यातील नात्याविषयी कोणती वेगळी मांडणी हाती लागते, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२

मराठी समीक्षेत स्थळाचा विचार प्रामुख्याने 'वातावरणनिर्मिती' आणि 'पार्श्वभूमी' या दोन संज्ञांच्या आधारे झाला. पात्रे आणि घटना हा कादंबरीचा गाभा, तर माळ, ओढे, बोली, सणवार ही तिची पार्श्वभूमी, असे त्यात गृहीत आहे. प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेत हे गृहीत थोडे उलटे केले गेले आणि प्रदेश हेच एक पात्र आहे, असे म्हटले जाऊ लागले. परंतु त्याने मूळ अडचण सुटली नाही. प्रदेशाला पात्र म्हटले की तो सर्वांना सारखाच सामोरा येतो असे वाटू लागते. कोणत्या माणसाला तो कोणत्या अंतरावरून भेटतो, हा प्रश्न बाजूला राहतो.

पाश्चात्त्य विचारातही या प्रश्नाच्या दोन दिशा आढळतात. गास्ताँ बाशलार यांनी १९५७ साली अवकाशाच्या काव्यात्मतेचा शोध घेतला, तेव्हा घर हे माणसाचे पहिले विश्व आहे, ते स्मृतीला आणि स्वप्नाला आसरा देते, अशी त्यांची भूमिका होती. आंरी लफेव्र यांनी १९७४ साली अवकाश हा आधीपासून पडून असलेला रिकामा पसारा नसून समाज तो घडवत असतो, असे प्रतिपादन केले. पहिली दिशा आतून पाहते, दुसरी बाहेरून. बाशलारांच्या घराला तळघर आणि माळा असतो. पण त्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर कोणाला चालता येते, हे त्यांच्या विवेचनाच्या कक्षेत येत नाही.

येथे मराठीचीच शब्दसंपदा अधिक उपयोगी पडते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथातून परिचित असलेली 'पांढरी' आणि 'काळी' ही जोडी पाहावी. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे पिकाची. पांढरीभोवती गावकूस, काळीभोवती शीव. या व्यवस्थेत महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर आणि शिवेच्या आत येतात. म्हणजे ते गावात नाहीत, परंतु गावाचे आहेत. मराठीत 'राहणे' या एका क्रियापदाभोवती वस्ती, बिऱ्हाड, मुक्काम, ठाणे, वाडा, वाडी असे जे शब्द गोळा झालेले आहेत, त्यांतील प्रत्येकात राहणाऱ्याचा हक्क किती आणि तो कोणी दिला, याचा हिशोब दडलेला असतो. वाडा आणि महारवाडा या दोन शब्दांचा उत्तरभाग एकच आहे, पण अर्थाच्या दृष्टीने ते दोन ध्रुव आहेत. वास्तव्य ही भावना असण्यापूर्वी ती एक सामाजिक परवानगी असते. तिन्ही संहितांचे वाचन या सूत्राने करता येते.

३

'बनगरवाडी'चा आरंभ येण्याने होतो. एकशिक्षकी शाळेवर नेमणूक झालेला कोवळ्या वयाचा मास्तर पहाटे निघून पायी वाडीकडे येतो आणि कादंबरीची पहिली पाने ही त्याच्या चालण्याची आणि पाहण्याची पाने आहेत. माडगूळकर स्वतः चित्रकार होते आणि त्यांच्या निवेदकाची नजर रेषेची आहे. ती थोडक्यात टिपते, रंग मोजून वापरते, भाष्य टाळते. या संयमाचे कौतुक समीक्षेने योग्यच केले आहे. मात्र तो संयम कोणत्या स्थानावरून शक्य झाला, हे फारसे विचारले गेले नाही.

मास्तर वाडीचा नाही. तो औंध संस्थानचा नोकर आहे, सुशिक्षित आहे आणि वाडीने त्याला 'मास्तर' या नावाने आत घेतलेले आहे. शाळेत पोरे नसतात, कारण ती मेंढरांमागे असतात. मास्तर त्यांना गोळा करतो. हळूहळू कागद वाचणे, निरोप पोहोचवणे, तंटे ऐकणे ही कामे त्याच्याकडे येतात. वृद्ध कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो. गावाच्या श्रमातून तालीम उभी राहते आणि तिच्यासाठी प्रत्यक्ष राजेसाहेब वाडीत येतात. मधूनच अंजीच्या चोळीच्या निमित्ताने कारभाऱ्याच्या मनात संशय शिरतो, तेव्हा आपण येथे परके आहोत याची जाणीव मास्तराला होते. परंतु हा संशय फिटू शकतो. मास्तरासमोर येणारी भिंत मनाची आहे, मातीची नाही.

कादंबरीचा इंग्रजी अनुवाद राम देशमुख यांनी १९५८ साली केला आणि त्याला 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' असे नाव दिले. गावाला भिंती नव्हत्या, हे विधान या कादंबरीपुरते खरे आहे, आणि ते खरे का आहे हे पाहिले की एका दीर्घकालीन गैरसमजाचा उलगडा होतो. बनगरवाडी हे गाव नाही, ती वाडी आहे. धनगरांची वस्ती, सोबत काही रामोशी. अशा वस्तीला गावकूस नसते आणि बलुत्याची पूर्ण उतरंडही नसते. गावगाड्याची रचना जेथे पुरती रुजलेली नाही अशा जागेची ही कथा आहे. माडगूळकरांनी वाडी लिहिली. मराठी वाचकाने तिला गाव मानले आणि समीक्षेने तिला 'खेडे' या सामान्यनामाचे प्रातिनिधिक चित्र करून टाकले. भिंती नसलेल्या विशिष्ट वस्तीचे वर्णन भिंती नसलेल्या भारतीय खेड्याचे वर्णन म्हणून वाचले गेले. हा दोष संहितेचा नाही, वाचनाचा आहे.

संहिता स्वतः फार सावध आहे. शेकूबाची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेते, तो प्रसंग आठवावा. माणूस आणि जमीन यांच्या नात्याचे याहून उघडे चित्र मराठी कादंबरीत क्वचित आले असेल. येथे 'मातीशी नाळ' वगैरे भाषा निरर्थक ठरते, कारण जमीन माणसाला जनावराच्या जागी उभे करते. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी हलते. धनगराचे वास्तव्यच मुळात फिरते आहे. मेंढरे जगवण्यासाठी चाऱ्यामागे जाणे हा त्याच्या जगण्याचा क्रम आहे. दुष्काळ हा क्रम ताणून तोडतो. वाडी ओस पडते, शाळा बंद होते आणि मास्तर निघतो. पण दोघांच्या निघण्यात फरक आहे. धनगर जगण्यासाठी जातात, मास्तराची नेमणूक संपते. येण्याने सुरू झालेली कथा जाण्याने संपते, आणि येता-जाता येणे हेच निवेदकाच्या वास्तव्याचे स्वरूप असल्याचे त्यातून स्पष्ट होते. 'बनगरवाडी'चे रूप, म्हणजे तिची अल्पाक्षरता, तिचे सुटे सुटे प्रसंग, तिची निरीक्षणाची शांतता, हे मुक्कामाला आलेल्या माणसाचे रूप आहे.

४

भिंतीचा प्रश्न या प्रदेशाला आणखी एका मार्गाने चिकटलेला आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना लागू केली. त्याच वर्षी, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तुरुंगाला तट नाही. कैदी शेतीत राबतील आणि कुटुंबासह राहू शकतील, अशी ती योजना होती. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. थोरला भाऊ भिंत नसलेल्या तुरुंगाची कथा सांगतो आणि धाकटा भिंत नसलेल्या वाडीची. दोन्ही एकाच दशकात, एकाच मुलखातून येतात, हे लक्षणीय आहे.

त्यातही चित्रपटाचे शीर्षक अधिक सूचक आहे. बारा हातांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे दोन डोळे. तट पाडला तरी नजर उरते, आणि ती कैद्याच्या आत जाऊन बसते. चित्रपटाने ही नजर ममतेची मानली आहे. पण सैद्धांतिक पातळीवर त्यातून निघणारा निष्कर्ष ममतेपुरता मर्यादित राहत नाही. भिंत दिसत नाही म्हणजे ती नाही, असे होत नाही. माणूस कोठपर्यंत जाईल आणि कोठे थांबेल, हे तटावाचूनही ठरवता येते. माडगूळच्या शेतातील ज्या पत्र्याच्या खोलीत बसून माडगूळकर बंधू लिहीत, तिला गावाने 'बामणाचा पत्रा' हे नाव दिले. नावात कोठेही द्वेष नाही, किंबहुना आपुलकीच आहे. तरीही जागेला नाव देताना जात आधी आली, हेही तितकेच खरे.

५

'तराळ-अंतराळ' या शीर्षकातच स्थळ आहे. तराळ हे गावकामगार महाराचे पद आणि अंतराळ म्हणजे आधाराविना असलेला मोकळा पसारा. एका शब्दाचा उच्चार दुसऱ्यात जसाच्या तसा सामावलेला आहे, आणि तराळाच्या मुलाने मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत केलेला प्रवास या दोन शब्दांमधील जोडरेघेत मावलेला आहे. आत्मचरित्राचा विचार बहुधा या प्रवासाच्या अंगाने, 'खडतर परिस्थितीवर मात' अशा चालीवर केला गेला. त्याची स्थलमीमांसा मात्र राहून गेली.

तराळाच्या कामाचे स्वरूप पाहिले तर ते मूलतः जागांमधील काम आहे. सरकारी अंमलदार आला की त्याच्यापुढे धावणे, त्याचे ओझे पुढच्या गावी पोहोचवणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, मेलेले जनावर ओढणे, बेवारस प्रेतावर पहारा करणे. गावातील प्रत्येक वाट तराळाला माहीत असते, पण कोणत्याही वाटेच्या शेवटी असलेल्या घरात तो शिरू शकत नाही. मास्तर वाडीच्या निरोपांची ने-आण करतो तेव्हा त्याचा मान वाढतो. तराळ हेच काम करतो तेव्हा ते वेठ असते. क्रिया एकच आहे. ती करणाऱ्याचे पांढरीतील स्थान तिचा अर्थ बदलते.

विहिरीतील प्रेताचा प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. गावाबाहेरच्या विहिरीत प्रेत सापडलेले असते, पहाऱ्यावर वडिलांची नेमणूक झालेली असते, मुलगा भाकरी घेऊन तेथे जातो, आणि प्रेत बाहेर काढण्यासाठी वडिलांनाच विहिरीत उतरावे लागते. गावगाड्याच्या साध्या नियमानुसार पाणवठा हा अस्पृश्याला मना असलेला अवकाश. जिवंत माणसांसाठी पाणी असते तेव्हा तेथे महाराला मज्जाव, आणि पाण्यात मृत्यू तरंगू लागला की तेथे उतरण्याची सक्ती. गावाचा अवकाश या दोन आज्ञांनी बनलेला आहे: येथे येऊ नकोस, आणि आता येथे उतर. काठावर भाकरी घेऊन उभा असलेला मुलगा या दोन आज्ञा एकाच ठिकाणी पाहतो. त्या विहिरीचे वर्णन खरातांनी रेखाटनासारखे केलेले नाही, आणि तसे करण्याची उसंत त्या प्रसंगात नाहीही. तेथे माळाचा रंग येत नाही. तेथे अंतर, ऊन, भूक आणि हुकूम येतो. ज्याला जागा काम म्हणून भेटते, त्याच्या लेखनात ती दृश्य म्हणून येत नाही.

खरातांच्या भाषेवर 'माहितीपर' असा आक्षेप घेता येतो, आणि आत्मचरित्राच्या उत्तरार्धात पदे, सभा, कार्ये यांचे तपशील वाढत जातात तेव्हा तो रास्तही ठरतो. परंतु हा बदलही स्थळाच्या अंगाने वाचता येण्यासारखा आहे. पूर्वार्धातील आटपाडी घट्ट, टोकदार, स्पर्शाला लागणारी आहे. उत्तरार्धातील शहरे आणि कार्यालये मात्र नावांपुरती उरतात. तराळ सुटतो, पण त्याच्या जागी दुसरी पांढरी मिळत नाही. मिळते ते अंतराळ. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. ती टीका राजकीय सिद्धांत म्हणून सर्वपरिचित आहे. ज्या मुलखात गांधीजींच्या ग्रामराज्याचा प्रयोग झाला, त्याच मुलखातील खरातांचे आत्मचरित्र त्या टीकेचा अनुभवाच्या पातळीवरील पुरावा ठरते.

६

माणदेशातून वाळव्याकडे येताना भूगोल बदलतो. कृष्णा-वारणेचे खोरे, काळीभोर जमीन, पलीकडे सह्याद्रीच्या रांगा. 'फकिरा'चा अवकाश माळाचा नाही, तो डोंगराचा, रात्रीचा आणि शिवेचा आहे. कादंबरीची सुरुवातच शिवेवर होते. शेजारच्या शिगावची जोगणी पळवून आपल्या गावात आणायची. जोगणी नेणारा शिवेच्या आत सापडला तर त्याला मृत्यू, शीव ओलांडली तर मान, हा संकेत. फकिराचा बाप राणोजी मांग हे धाडस करतो. जोगणी वाटेगावात येते, राणोजी प्राणाला मुकतो.

या आरंभाचे महत्त्व शौर्यकथेपुरते नाही. जोगणी आली म्हणजे गावाला जत्रा मिळाली, वैभव मिळाले, इतर गावांत मान मिळाला. गावाचे गावपण आणणारा हा माणूस स्वतः गावकुसाबाहेर राहणारा आहे. पांढरीत ज्याला घर नाही, तो पांढरीची प्रतिष्ठा रक्ताने विकत घेतो. शिवेच्या तंट्यांत महार-मांगांची साक्ष ग्राह्य मानण्याची जुनी प्रथा होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. गावाची हद्द कोठे संपते हे त्या हद्दीवर राहणाऱ्यालाच अचूक ठाऊक. बाहेरचा माणूस आत कोणाला म्हणायचे ते ठरवतो, आणि तरीही तो बाहेरच राहतो. 'फकिरा'तील शोकात्मतेचे मूळ या विसंगतीत आहे.

पुढे दुष्काळ, साथ, उपासमार येते, आणि इंग्रजी अंमलात मांगांवर हजेरीची सक्ती येते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जातिजमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. हा कायदा रद्द होऊन त्या विमुक्त होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. हजेरी म्हणजे काय? ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी आपण आहोत, हे सत्तेला दाखवणे. येथे राहणे हा हक्क नाही, ती शिक्षा आहे. 'बनगरवाडी'तही हजेरी आहे. मास्तर शाळेत ती घेतो आणि एक एक पोर वाढले की सुखावतो. एक हजेरी माणसाला अक्षराकडे नेते, दुसरी त्याला गुन्ह्याच्या नोंदीत जखडते. शब्द एकच, शासनाची वही एकच, पण एका पानावर माणूस विद्यार्थी म्हणून उमटतो आणि दुसऱ्यावर संशयित म्हणून. या दोन पानांची तुलना करावयाची तर 'प्रादेशिक' आणि 'दलित' या दोन कप्प्यांमधील भिंत आधी पाडावी लागते.

'फकिरा'च्या रूपाविषयीही हेच म्हणता येईल. तिच्यातील ठळक नाट्य, वीररसाची चढती लय, रंगवलेले संघर्ष यांना रंजनप्रधान ठरवून तिचे वाङ्मयीन मूल्य कमी लेखण्याची प्रवृत्ती दिसते. राज्य शासनाचा पुरस्कार १९६१ साली मिळूनही ही प्रवृत्ती पुरती गेली नाही. परंतु ज्याला जमिनीवर थांबण्याचा हक्कच नाही, त्याच्या कथेत निरीक्षणाची निवांतता कोठून यावी? पोवाड्याचे घोडदौडीचे रूप हे शीव ओलांडणाऱ्याचे रूप आहे. अण्णा भाऊंनी ते परंपरेतून उचलले आणि आजवर ज्यांचे पोवाडे झाले नव्हते त्यांच्यासाठी वापरले. अर्थात यामुळे कादंबरीतील सर्व ढिलेपणा क्षम्य ठरत नाही. पात्रे कित्येकदा भूमिकांत विरून जातात आणि संवाद भाषणाकडे झुकतात. मात्र हे दोष मोजताना मोजपट्टी 'बनगरवाडी'ची असू नये. बालपणी कुटुंबासह पायी मुंबई गाठलेल्या लेखकाने गाव सोडल्यावर गाव लिहिले. 'माझी मैना गावावर राहिली' या त्यांच्या छक्कडीत तर गाव आणि मुंबई यांच्यातील ताटातूट संयुक्त महाराष्ट्राच्या राजकीय नकाशाशी जाऊन भिडते.

७

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. लेखकाची जात आणि संहितेचे रूप यांची अशी सांगड घातली की साहित्यकृती समाजशास्त्राचा दाखला होऊन बसते, आणि माडगूळकरांची कलात्मकता म्हणजे केवळ त्यांच्या जन्माची सवलत, असा उथळ निष्कर्ष निघू शकतो. हा धोका खरा आहे. त्याला उत्तर माडगूळकरांच्याच 'वावटळ' (१९६४) या कादंबरीत मिळते. गांधीहत्येनंतर १९४८ साली पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्या काळात पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांची ही कथा. येथे ब्राह्मणाचे घर जळते आणि पांढरीतील त्याचा हक्क एका रात्रीत संपतो. 'बनगरवाडी'तील मास्तराला न दिसलेली भिंत 'वावटळ'च्या निवेदकाला दिसते. ती आतून दिसते, आणि ती कोसळत असताना दिसते. विशेष हे की माडगूळकर तेथेही आक्रोश करत नाहीत. त्यांचा संयम स्वतःच्या घराच्या राखेसमोरही टिकतो, तेव्हा तो केवळ स्थानाने दिलेला नसून कमावलेला आहे, हे मान्य करावे लागते. स्थान रूपाला शक्यता देते. त्या शक्यतेचे काय करायचे, हे लेखक ठरवतो.

तरीही एक फरक उरतो. जळालेल्या घराच्या माणसाला जाण्यासाठी शहर होते, आणि तेथे त्याचे पूर्वीचे सांस्कृतिक स्थान फारसे ढळले नाही. शहरात गेलेल्या तराळाच्या मुलाला भाड्याची खोली मागतानाही आडनावाची अडचण येते, हे दलित आत्मकथनांनी वारंवार सांगितले आहे. मुंबई राज्याने १९५८ साली कायदा करून कनिष्ठ गाववतने रद्द केली आणि तराळकी कागदोपत्री संपली. गावकूस मात्र कागदावर कधीच नव्हते, म्हणून कागदाने ते पडले नाही.

आज आटपाडी-खानापूर परिसरातील अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत, मेंढपाळांची वाट आक्रसत चालली आहे, आणि कृष्णेचे पाणी उपसून या दुष्काळी पट्ट्यात आणले गेले आहे. ज्या माणदेशाला या लेखकांनी शब्दरूप दिले तो त्या रूपात उरलेला नाही. अशा वेळी त्याची स्मृती कोणत्या संहितेच्या स्वाधीन करायची, हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाच्या अनुक्रमणिकेचा राहत नाही. केवळ 'बनगरवाडी' वाचून मोठा होणारा विद्यार्थी हरवलेल्या निरागस खेड्याची ओढ घेऊन बाहेर पडेल, आणि केवळ 'तराळ-अंतराळ' वाचणारा त्या खेड्यातील माळाचे, मेंढरांचे, जुवाखाली गेलेल्या बाईचे अस्तित्व विसरेल. दोघांनाही अर्धेच गाव मिळेल.

अभ्यासक्रमात या तीन संहिता एका प्रश्नपत्रिकेत, एका विभागात, एका प्रश्नाखाली आणणे ही म्हणून किरकोळ बाब नव्हे. तो प्रश्न असा असू शकेल: या गावात कोण येतो, कोण धावतो, कोणाची मोजदाद होते, आणि यांपैकी कोणाच्या राहण्याला मराठी समीक्षा 'प्रदेश' म्हणते?